जुन्या मिगमधली नवी तार

मिग-२१ विमानाचं नाक म्हणजे हवा आत ओढणारं उघडं तोंड. त्या तोंडाच्या मधोमध एक शंकू, वेगाप्रमाणे पुढे-मागे सरकणारा, आणि त्या शंकूच्या पोटात रडार. आवाजाच्या दुप्पट वेगाला इंजिनाला हवा नीट मिळावी म्हणून शंकूचा आकार आधी ठरला, रडारला उरेल ती जागा मिळाली. ओझरच्या विमान कारखान्यात एव्हियॉनिक्सचा, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा, तंत्रज्ञ म्हणून माझी बरीचशी नोकरी या एका प्रश्नाभोवती गेली: या शंकूत, आणि त्यामागच्या तितक्याच अरुंद पोटात, जुनं काढून नवं काय बसवता येईल?

लढाऊ विमान जमिनीवर बसून राहिलं की लोकांच्या मनात पहिल्यांदा इंजिन येतं. प्रत्यक्षात अनेकदा विमान अडतं ते एखाद्या राखाडी रंगाच्या पेटीपायी. इंजिन चांगलं, पंख चांगले, वैमानिक तयार, आणि रेडिओ कंपास किंवा रडारचा एक भाग नादुरुस्त. तो भाग बनवणारा कारखाना बंद पडलेला असतो, किंवा त्यानं वीस वर्षांपूर्वीच तो बनवणं सोडलेलं असतं. विमानाचा सांगाडा तीस-चाळीस वर्षं टिकतो. त्याच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दहा वर्षंही टिकत नाही. देखभालीच्या खर्चाचा सगळा इतिहास या दोन आयुष्यांच्या तफावतीत आहे, आणि तो मला ओझरहून जवळून पाहता आला.

कारखान्याची सुरुवात सांगायलाच हवी, कारण नाशिकला विमानं बनण्यामागे एक माणूस आणि एक युद्ध आहे. १९६२ मध्ये भारतानं सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार केला. त्याच वर्षी चीनचं आक्रमण झालं आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढच्या वर्षी ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले ते नाशिकमधून. मिगचा कारखाना नाशिकजवळ ओझरला आला आणि १९६४ पासून उभा राहू लागला. आमच्या पंचक्रोशीत त्याला कोणी पूर्ण नावानं ओळखत नाही. जानोरीचा शेतकरी असो की पिंपळगावचा द्राक्षवाला, पोरगा कुठे लागला विचारलं तर उत्तर एकच, ‘मिगमध्ये.’

पण विमान एका ठिकाणी बनत नव्हतं. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. सुरक्षेसाठी ती शहाणपणाची असेल. आम्हा लोकांसाठी तिचा अर्थ असा, की रडार किंवा रेडिओ बिघडला तर ओझरचा माणूस त्याचं निदान करी, आणि इथे दुरुस्त होण्यासारखं नसलं की पेटी हैदराबादची वाट धरी. पेट्यांचा हा प्रवास मी पहिल्या महिन्यापासून पाहिला.

ओझरनं आधी मिग-२१ एफएल बनवली, मग एम, मग १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बिस. बाहेरून सारखी दिसणारी ही विमानं आतून वेगळी होती. एकाच प्रकारची, पण दोन वेगवेगळ्या वर्षांत बनलेली विमानंही आतून अगदी एकसारखी नसत. मधल्या काळात एखादा आराखडा सुधारलेला असे, एखादा कनेक्टर दुसऱ्या बाजूला गेलेला असे. हे तेव्हा क्षुल्लक वाटायचं. अशाच क्षुल्लक फरकांनी पुढे अमेरिकेत एक प्रचंड प्रकल्प बुडवला. ते पुढे सांगतो.

त्या रडारांमध्ये व्हॉल्व्ह होते. जुन्या घरगुती रेडिओतले अंगठ्याएवढे नव्हेत. सोव्हिएत बनावटीचे सबमिनिएचर व्हॉल्व्ह, पेन्सिलीच्या तुकड्याइतके, पाय म्हणजे बारीक तारा, त्या थेट सर्किटमध्ये सोल्डर केलेल्या. व्हॉल्व्हच्या आत तंतू तापतो, तापल्यावर इलेक्ट्रॉन सुटतात. सतत तापणारी वस्तू सतत झिजते. त्यात लढाऊ विमानाची कंपनं, टेक-ऑफच्या वेळची उष्णता आणि वर गेल्यावर उणे पन्नास अंशांची थंडी. व्हॉल्व्ह एकदम मेला तर बरं, सापडतो. तो हळूहळू म्हातारा होतो तेव्हा खरा त्रास. रडार चालतं, पण पल्ला घटतो. वैमानिक येऊन सांगतो, ‘कॉन्टॅक्ट उशिरा येतोय.’ बेंचवर लावलं की सगळं ठीक दिसतं, परत विमानात बसवलं की तेच. एक व्हॉल्व्ह बदलला की त्याच्या शेजारच्या सर्किटचं ट्यूनिंग पुन्हा करावं लागे, कारण नव्या व्हॉल्व्हचा स्वभाव जुन्यासारखा नसे. आमचे फोरमन ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची लहर नुसती पाहून सांगत, ‘तिसऱ्या स्टेजला बघ रे.’ आणि दोष तिथेच असे. हे ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं. मॅन्युअलं रशियनवरून इंग्रजीत आलेली, आणि पेट्यांवरची अक्षरं सिरिलिक. आमच्यापैकी बहुतेकांनी ती अक्षरं पेट्या वाचता वाचताच शिकली.

व्हॉल्व्ह फक्त आमच्याच विमानात नव्हते. १९७६ च्या सप्टेंबरात व्हिक्टर बेलेंको नावाचा सोव्हिएत वैमानिक आपलं मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी विमान उघडलं तर आत व्हॉल्व्ह. त्यावरून बरंच हसं झालं. ते मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं असतं आणि आजही वाटतं. त्या रडारला प्रचंड शक्तीची लहर हवी होती, आणि त्या काळी ती व्हॉल्व्हनंच मिळत होती. प्रश्न व्हॉल्व्ह वापरल्याचा नव्हताच. ते विमान आणखी तीस वर्षं उडवायचं ठरलं, तर व्हॉल्व्ह कोण पुरवणार, हा खरा प्रश्न होता.

देखभालीचा खर्च म्हणजे नेमकं काय, हेही नीट पाहायला हवं. अमेरिकन संरक्षण खात्याच्या हिशेबात विमानावर त्याच्या आयुष्यभरात जो पैसा जातो, त्यातला साधारण सत्तर टक्के वाटा खरेदीनंतरचा असतो. तो एका ठिकाणी दिसत नाही. जुन्या रडारसाठी स्क्वाड्रनमध्ये टेस्ट बेंच लागतो, बेंचला स्वतःचे सुटे भाग लागतात, बेंच चालवणारी माणसं लागतात, त्यांना शिकवायला शाळा लागते. भांडारात प्रत्येक भागाचे ठरावीक नग ठेवावे लागतात, आणि ज्याची कधी गरज पडत नाही तो भाग भरपूर असतो, जो रोज लागतो तो संपलेला असतो. मग एका विमानातून काढून दुसऱ्यात लावणं सुरू होतं. कागदोपत्री एक विमान उडायला तयार होतं. पण फिटरचं काम दुप्पट होतं, कारण दोनदा काढायचं आणि दोनदा बसवायचं. प्रत्येक काढण्या-घालण्यात कनेक्टरची एखादी पिन वाकते, जुन्या तारेचं आवरण तडकतं. ज्या विमानातून भाग काढला ते हँगरच्या कोपऱ्यात जातं आणि हळूहळू त्यातून आणखी भाग निघत राहतात.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला आणि हे सगळं एकाएकी तीव्र झालं. मिगचा एकेक भाग त्या विशाल देशाच्या वेगवेगळ्या शहरांत बनत असे. दोन आसनी प्रशिक्षण मिग जॉर्जियातल्या तिबिलिसीचं. काही भाग युक्रेनचे, बाकी रशियाचे. एका सकाळी हे वेगवेगळे देश झाले. रुपया-रुबलचा जुना व्यवहार कोलमडला, प्रत्येकाला डॉलर हवे होते, काही कारखान्यांत पगारच होत नव्हते. ओझरला ज्या भागाची मागणी वर्षानुवर्षं एका ठरावीक कागदावर जायची, तो कागद आता कोणाला पाठवायचा हेच ठरेना.

गंमत म्हणजे त्याच सुमारास पलीकडच्या गोटातही हीच अडचण उभी होती, वेगळ्या कारणानं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इंटिग्रेटेड सर्किटचं जवळजवळ एकच गिऱ्हाईक होतं, सरकार. मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो यान यांनी त्या चिपला जन्माची बाजारपेठ दिली. नंतर गणकयंत्रं, घरगुती संगणक आणि फोन आले, आणि लष्कराचा वाटा घटत घटत काही टक्क्यांवर, मग त्याहून खाली गेला. चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी लष्करी दर्जाचा माल बनवणं सोडलं. १९९४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेश काढला, की शक्य तिथे लष्करी मानकांऐवजी बाजारातला माल घ्या. एफ-२२ या त्यांच्या सर्वांत आधुनिक विमानाच्या संगणकात इंटेलची आय-९६० चिप होती. विमान सेवेत येण्याआधीच इंटेलनं त्या चिपची ती मालिका गुंडाळायला घेतली, आणि हवाई दलाला आयुष्यभराचा साठा एकदम विकत घेऊन ठेवावा लागला. जिची चिप कोऱ्या विमानात म्हातारी होते, त्या अमेरिकेला आणि व्हॉल्व्ह शोधणाऱ्या आम्हाला अडचण एकच होती.

यावर भारतात जे पहिलं उत्तम उत्तर शोधलं गेलं, ते मिगवर नाही, जग्वारवर. त्या कामाला पुरेसं श्रेय मिळालेलं नाही, म्हणून ते मी सविस्तर सांगणार.

जग्वार हे ब्रिटन आणि फ्रान्सचं संयुक्त विमान. १९७८ मध्ये भारतानं ते निवडलं, १९७९ मध्ये पहिली विमानं अंबाल्याला आली. ब्रिटनहून थेट आलेल्या पहिल्या तुकडीत नॅव्हवॉस नावाची नेव्हिगेशन आणि शस्त्र नेमबाजीची यंत्रणा होती. रॉयल एअर फोर्सलाही तिच्या देखभालीचा त्रास होता, त्यांनी पुढे स्वतःच ती काढून लहान, हलकी यंत्रणा बसवली. आपल्या हवाई दलानं वाट पाहिली नाही. बंगळूरला हवाई दल, आमच्या कारखान्याची कंपनी एचएएल आणि संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ यांची माणसं एकत्र आणून ‘इनर्शियल इंटिग्रेशन ऑर्गनायझेशन’ नावाचा गट उभारला आणि भारतात बनणाऱ्या जग्वारसाठी नवी यंत्रणा जुळवली. तिचं नाव डॅरिन. इनर्शियल नेव्हिगेशन फ्रान्सचं, फिल्मवर छापलेला नकाशा फिरवून दाखवणारा पडदा ब्रिटनचा, वैमानिकाच्या डोळ्यांसमोरच्या काचेवर माहिती दाखवणारा हेड-अप डिस्प्लेही ब्रिटनचा. आणि हे सगळं एकत्र बांधणारी गोष्ट होती डेटा बस, मिल-स्टँडर्ड-१५५३.

ही बस काय आहे ते सांगतो, कारण खर्च कमी होण्याचं खरं रहस्य मला तिच्यात दिसतं. मिगमध्ये प्रत्येक उपकरणाचा दुसऱ्या उपकरणाशी वेगळा तारेचा संबंध होता. उंचीमापकाकडून गनसाइटला वेगळी तार, रडारकडून वेगळी, कंपासकडून वेगळी. एक पेटी बदलायची तर तिच्याशी जोडलेल्या सगळ्या तारा आणि तिच्या शेजाऱ्यांची सर्किटं पाहावी लागत. १५५३ मानक अमेरिकेत १९७३ मध्ये आलं आणि १९७८ मध्ये त्याची पक्की बी आवृत्ती झाली. यात पिळलेल्या दोन तारांची एक जोडी सगळ्या विमानभर फिरते, आणि सोबतीला अडीअडचणीसाठी तशीच दुसरी. एका जोडीवर ३१ उपकरणं बसतात. मधला नियंत्रक संगणक एकेकाला नाव घेऊन विचारतो आणि ज्याचं नाव घेतलं तोच उत्तर देतो, वर्गात गुरुजी हजेरी घेतात तसं. वेग सेकंदाला दहा लाख बिट. आजच्या घरगुती इंटरनेटपुढे हे काहीच नाही. पण एकदा विमानात ही तार टाकली, की पुढे एक पेटी काढून दुसरी बसवताना बाकीच्यांना धक्का लागत नाही. नव्या पेटीला ती भाषा बोलता आली म्हणजे झालं.

डॅरिनची किमया इथे आहे. फिल्मचा नकाशा पुढे जुना झाला. सीमेवर नवा पूल किंवा धावपट्टी झाली की नवी फिल्म छापावी लागे, आणि फिल्म पुढे सरकवणाऱ्या यंत्राचे दाते झिजत. नेव्हिगेशनमधले फिरते जायरोही झिजणारेच, बेअरिंगवर फिरणारे. पुढे डॅरिन-२ मध्ये नकाशा डिजिटल झाला, आणि फिरत्या जायरोच्या जागी रिंग लेसर जायरो आला. त्यात काचेच्या ठोकळ्यात प्रकाश दोन्ही दिशांनी फिरतो, धातूचं चाक फिरत नाही, म्हणून झीजही तशी होत नाही. मधला मिशन संगणक बंगळूरच्या ‘डेअर’ या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं बनवला. डॅरिन-३ मध्ये तर इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंगचं रडार आलं, २०१७ मध्ये ते जग्वारवर उडालं. प्रत्येक वेळी यंत्रणा बदलली, पण कोणती पेटी कोणाशी काय बोलते याचं ज्ञान आपल्याच माणसांकडे होतं. ते १९८० च्या दशकात मिळवलेलं, आणि एका पिढीनं दुसरीला दिलेलं.

आता मिगकडे येतो. १९९६ च्या मार्चमध्ये १२५ मिग-२१ बिस विमानं सुधारायचा करार झाला. नमुन्याची दोन विमानं रशियात, निझनी नोव्हगोरोदच्या सोकोल कारखान्यात होणार होती, उरलेली १२३ ओझरला. तो जुना गॉर्की कारखाना म्हणजे सोव्हिएत मिग-२१ चं जन्मगाव. १९९८ च्या ऑक्टोबरात पहिला नमुना तिथे उडाला. या विमानाला पुढे बायसन नाव मिळालं.

त्याच १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेनं निर्बंध घातले. आमच्या रशियन-फ्रेंच पेट्यांवर त्याचा थेट घाव बसला नाही. पण नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडले, हलक्या लढाऊ विमानावर अमेरिकेत काम करणारे आपले अभियंते परत पाठवले गेले. परक्याकडून घेतलेल्या पेटीची किल्ली कोणाकडे राहते, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांना कळलं.

बायसनचं काम ओझरला आलं तेव्हा आधी उघडावं लागलं ते विमानाचं पोट. जुनी लूम, म्हणजे मेणाच्या दोऱ्यानं बांधलेले तारांचे जाड जुडगे, बाहेर काढायची. काही विमानांनी दीड-दोन दशकं उड्डाण केलेलं. तारांवर तेलाचे, हायड्रॉलिकच्या द्रवाचे डाग. हात आत जाईल इतकीच जागा, आणि प्रत्येक तारेवरचा क्रमांक पुसट. त्या जागी नवी लूम, नवे कनेक्टर, आणि आता मिगमध्येही ती पिळलेल्या तारांची जोडी. शंकूत बसवलं कोप्यो रडार, त्याचा अर्थ भाला. व्हॉल्व्हच्या रडारपेक्षा हे हलकं आणि त्याच अरुंद जागेत मावणारं. एकाच वेळी अनेक विमानांवर नजर ठेवणारं, आणि नजरेपलीकडच्या लक्ष्यावर आर-७७ क्षेपणास्त्र सोडू शकणारं. फ्रान्सचं रिंग लेसर जायरोचं नेव्हिगेशन, इस्रायलची काही उपकरणं, आणि शत्रूचं रडार आपल्यावर रोखलं गेलं की इशारा देणारं आपलं स्वतःचं ‘तरंग’. वैमानिकासमोर एक रंगीत पडदा आणि मोकळी, एकसंध काच.

बाहेरच्या माणसाला वाटेल, हलकं रडार बसवलं म्हणजे वजन वाचलं. पण नाकातलं वजन कमी झालं की विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. वाचवलेल्या वजनाचा हिशेब नाकापासून शेपटीपर्यंत पुन्हा मांडावा लागतो. कूलिंग बदलतं, जनरेटरवरचा भार बदलतो. सॉफ्टवेअर तपासून हवाई योग्यतेचा दाखला देणारी बंगळूरची सेमिलॅक संस्था एकेक गोष्ट सिद्ध करून मागते, आणि मागायलाच हवी. रडार विकत घ्यायला लागतो तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ त्याला विमानाशी बोलायला शिकवण्यात जातो.

फायदा झाला का? निःसंशय झाला. नव्या पेट्या स्वतःची तपासणी स्वतः करत. स्विच चालू केला की अमुक कार्ड नादुरुस्त, असा संकेत पडद्यावर. ज्या दोषासाठी फोरमन लहरीकडे तासन्‌तास पाहत, तो आता उड्डाणापूर्वी समजे. स्क्वाड्रनमधले जुने टेस्ट बेंच निघाले, त्यांच्याबरोबर त्यांचं भांडार निघालं, व्हॉल्व्हची शोधाशोध थांबली. आणि लढण्याची ताकदही वाढली. २००४ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरला अमेरिकन एफ-१५ विमानांबरोबर कोप इंडिया हा सराव झाला. ज्या विमानाचा मूळ आराखडा १९५० च्या दशकातला, त्या लहानशा विमानानं अमेरिकन वैमानिकांना थक्क केलं, आणि त्यांनी ते उघडपणे मान्यही केलं. ओझरच्या कँटीनमध्ये त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता.

पण एक गोष्ट मला तेव्हापासून सलते. कार्ड नादुरुस्त आहे हे कळतं, पण कार्डाच्या आत काय बिघडलं ते आम्हाला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची परवानगीही नव्हती. कार्ड सीलबंद, परदेशी पुरवठादाराकडे जायचं. तिथून महिनोन्‌महिने परतायचं नाही, आणि आलं तर दुरुस्तीचं बिल ऐकून भांडारवाला गप्प व्हायचा. स्क्वाड्रनचा खर्च घटला, तो बिलाच्या रूपानं दुसऱ्या खात्यात दिसू लागला. व्हॉल्व्हच्या काळात भाग मिळत नव्हता, पण तो दुरुस्त करण्याचं ज्ञान आमच्या बोटांत होतं. आता भाग होता, ज्ञान नव्हतं. जुनं इलेक्ट्रॉनिक्स बदललं म्हणजे पैसा वाचतोच, असं मी कधी मानलं नाही. पुढच्या वेळी ती पेटी आपली आपण उघडू आणि बदलू शकलो, तर पैसा वाचतो. नाहीतर तो पुढे ढकलला जातो.

नुसतं इलेक्ट्रॉनिक्स बदलायचं ठरवून भागत नाही, याचे दोन मोठे दाखले जगात आहेत. अमेरिकेनं २००१ मध्ये सी-१३० मालवाहू विमानांचं इलेक्ट्रॉनिक्स बदलायचं काम बोइंगला दिलं. आधी पाचशेहून अधिक विमानांचा बेत होता. पण ही विमानं अनेक दशकांत बनलेली, प्रत्येक तुकडीची तार वेगळी, एकेका विमानात हात घातला की आराखड्यात नसलेलं काहीतरी सापडे. मी ओझरच्या बिस आणि एममध्ये पाहिलेला तो क्षुल्लक फरक तिथे शेकडो विमानांवर पसरला होता. संख्या कमी करत दोनशेच्या आसपास आणली, खर्च तरी आवरेना, आणि २०१२ मध्ये अमेरिकन हवाई दलानं प्रकल्प गुंडाळायचं ठरवलं. दुसरा दाखला आपला. २००९ मध्ये एएन-३२ विमानांच्या सुधारणेचा करार युक्रेनशी झाला. काही विमानं तिकडे, बाकी कानपूरच्या हवाई दलाच्या डेपोत. २०१४ मध्ये रशियानं क्रिमिया घेतला आणि सुट्या भागांचा ओघ आटला. कानपूरच्या कारागिरांचं कौशल्य कमी पडलं नव्हतं. भागच येईनात.

म्हणूनच मला मिग-२७ ची सुधारणा जवळची वाटते, जरी तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. हेही विमान ओझरचंच. चाळीस मिग-२७ मध्ये आपल्याच डेअरचा मिशन संगणक बसवला, आणि त्याच घराण्याचे संगणक वेगवेगळ्या विमानांत वापरायचे असा विचार मुळातच होता. तीन विमानांसाठी तीन देशांतून तीन वेगळे सुटे भाग ठेवण्यापेक्षा एकच भांडार. संगणकातलं कार्ड गेलं तर फोन बंगळूरला लागतो, आणि पलीकडचा माणूस आराखडा समोर ठेवून बोलतो. मिग-२७ स्वतः २०१९ च्या डिसेंबरात जोधपूरला निवृत्त झालं. त्याच्या संगणकावर काम केलेली माणसं निवृत्त झाली नाहीत.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मर्यादाही इथेच सांगतो. बायसनचं रडार नवं होतं, पण पंख, इंजिन आणि उतरण्याचा प्रचंड वेग तोच. त्या विमानानं अपघातांत घेतलेले बळी पेट्या बदलून परत येत नाहीत, आणि नवी पेटी बसवली म्हणून सांगाड्याचं आयुष्य अमर्याद वाढवण्याचा मोह सरकारांना होतो, तो धोकादायक आहे. नवी विमानं वेळेवर आली असती तर मिगला २०२५ पर्यंत राबावं लागलं नसतं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटच्या बायसननी निरोप घेतला. १९६३ मध्ये पहिली मिग-२१ स्क्वाड्रन चंदीगडलाच उभी राहिली होती.

ओझरचं काम थांबलेलं नाही. इथून दोनशेहून अधिक सुखोई-३० बाहेर पडली. त्यातल्या जुन्या विमानांचे संगणक नव्वदीच्या दशकात कागदावर उतरलेले, म्हणजे आता तेही म्हातारे. २०२३ मध्ये ८४ सुखोईंच्या सुधारणेला प्राथमिक मंजुरी मिळाली, त्यात रडार आणि संगणक आपलेच असावेत असा बेत आहे. शेजारच्या ११ बेस रिपेअर डेपोनं मिग-२९ ची सुधारणा केली, सुखोईचं ओव्हरहॉलही तिथे होतं. म्हणजे लूम काढणारे हात नाशिकला तयार आहेत. या करारांत माझ्या मते किमतीच्या आधी तीन कागद मागायला हवेत: प्रत्येक विमानाच्या तारांचा प्रत्यक्ष पाहून काढलेला आराखडा, पेट्यांच्या परस्पर संवादाची पूर्ण संहिता, आणि सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर. नवे तंत्रज्ञ भरती होतात तेव्हा मी त्यांना सांगतो, की कार्ड बदलायला शिकाच, पण आपल्या प्रयोगशाळेत जाऊन ते उघडायलाही शिका.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या धावपट्टीवरून इथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. त्याच्या उड्डाण नियंत्रणाचा संगणक भारतात बनलेला, आणि तो आधीच्या तेजसमधल्या संगणकाची जागा घेणारा. नव्या संगणकाची पहिली चाचणी २०२४ च्या फेब्रुवारीत झाली, म्हणजे ओझरचं पहिलं तेजस उडण्याआधीच त्याच्या संगणकाची एक पिढी बदलून झाली होती. आणि ती बदलण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही.